वयाचा रकाना



या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांनी कधी ना कधी तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात कोतवाल पंजीच्या नकलेसाठी अर्ज केलेला असेल. मुलाच्या नाही तर नातवाच्या जातपडताळणीसाठी जुना कागद लागतो, आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडे जुना कागद म्हणजे कोतवाल पंजी, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक झाले आहे. ज्यांनी ती नक्कल हातात घेतली आहे त्यांना तिचा एक विचित्र गुण माहीत असेल. तीत बापाचे नाव असते, जात असते, गाव असते, तारीख असते. आणि जन्मलेल्या मुलाचे नाव बहुतेक वेळा नसतेच. अमक्यास मुलगा झाला, तमक्यास मुलगी झाली, एवढेच. बारसे व्हायचे असते, आणि कोतवालाला ठाण्याची फेरी चुकवता येत नसते.

मध्यप्रांतात ही रीतच होती. गावचा कोतवाल आपले पुस्तक काखेत मारून ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाई, आणि मधल्या दिवसांत गावात कोण जन्मले, कोण मेले, हे तोंडी सांगे. तो स्वतः बहुधा निरक्षर असे. लिहिणारा ठाण्यातला मोहरीर. सरकारला आकडे हवे होते. किती जन्मले, किती मेले, देवीने किती आणि पटकीने किती. नावांशी सरकारला कर्तव्य नव्हते.

आजचा माझा विषय तुरुंगांचा आहे. त्यातही मोठ्यांच्या तुरुंगांचा नव्हे, तर ज्यांना सुधारशाळा, बोर्स्टल, किशोर सुधारालय अशी सौम्य नावे वेळोवेळी मिळाली त्या पोरांच्या तुरुंगांचा आणि त्यांच्या दप्तराचा. मग मी कोतवाल पंजीपाशी का थांबलो? कारण या सगळ्या दप्तरात एक रकाना असा आहे की ज्याच्यावर मुलाचे पुढचे आयुष्य अवलंबून असे, आणि तो भरायला लागणारी माहिती सरकारच्या त्या दुसऱ्या पुस्तकात असूनही हाती लागत नसे. तो रकाना म्हणजे वय.

प्रथम कायदा सांगतो, थोडक्यात सांगतो. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडूच शकत नाही असे धरले, आणि सात ते बारा या वयात त्याला समज कितपत आली आहे हे पाहायचे ठरवले. त्यापुढचा मुलगा मात्र मोठ्यांबरोबर तुरुंगात. ही गोष्ट बरी नव्हे हे राज्यकर्त्यांनाही कळत होते. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारसंस्था १८५७ पासून चालू होती. १८७६ साली हिंदुस्थानासाठी सुधारशाळांचा कायदा झाला, आणि १८९७ साली तो नव्याने केला गेला. हा १८९७ चा कायदा आपल्याला महत्त्वाचा. पंधरा वर्षांखालच्या मुलाला कैदेची शिक्षा झाली, तर न्यायाधीशाने त्या शिक्षेऐवजी त्याला सुधारशाळेत धाडावे. तिथे तीन वर्षांपेक्षा कमी नाही आणि सात वर्षांपेक्षा जास्त नाही इतका काळ ठेवावे. आणि अठरा वर्षे पुरी होताच सोडावे. ही सारी तरतूद मुलग्यांसाठी. मुलींकरिता त्यात शाळा नव्हती. त्यांना समज देऊन किंवा आईबापांच्या जामिनावर सोडण्याची सोय तेवढी होती.

याच कायद्यात दोन कलमे आहेत, ती मला फार बोलकी वाटतात. एक सांगते की मुलाला सुधारशाळेत पाठवण्यापूर्वी न्यायाधीशाने त्याच्या वयाची चौकशी करावी, जरूर तर पुरावा घ्यावा, आणि वय ‘शक्य तितके जवळचे’ लिहून ठेवावे. दुसरे सांगते की असे एकदा लिहिलेले वय वरच्या कोणत्याही न्यायालयाने अपिलात किंवा फेरतपासणीत बदलू नये. म्हणजे अंदाज करायचा, आणि तो वज्रलेप समजायचा!

आता हिशेब पाहा. समजा, साकोली तहसिलीतले एखादे खेडे आहे. साल १९००. आधी १८९६-९७ चा दुष्काळ, आणि तो विसरतो न विसरतो तोच १८९९-१९०० चा. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. कोहळ्यांनी बांधलेले तलाव आटले म्हणजे इथे दुसरा आधार नाही. त्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढायची ती घटली, १९०१ च्या शिरगणतीत ती सुमारे ६ लाख ६३ हजार भरली, यावरून काय झाले असेल ते समजावे. अशा साली एका पोराने मालगुजाराच्या कोठारातले दोन पायली धान चोरले. सापडला. मुद्देमाल हजर, कबुलीही हजर; खटल्यात वाद घालण्यासारखे काही उरलेच नाही. न्यायाधीशाने विचारले, वय काय?

आई सांगते, आगगाडीचा रस्ता झाला त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी झाला. बाप सांगतो, मोठी देवी आली त्या साली. पोराला स्वतःला काही सांगता येत नाही. कोतवालाचे पुस्तक मागवले तर त्यात त्या बापाच्या नावे तीन ‘मुलगा’ निघतात. त्यांतले दोन मेले, पण कोणते दोन? मृत्यूच्या नोंदीतही नाव असेलच असा भरवसा नाही. शेवटी डॉक्टर. डॉक्टर दात पाहतो. ही युक्ती जुनी. १८३७ साली एडविन साँडर्स नावाच्या इंग्रज दंतवैद्याने गिरण्यांतल्या पोरांचे वय दातांवरून ओळखावे असे पुस्तकच काढले होते. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी कायमची दाढ येते. ती दिसली नाही की बाराच्या आत. मग उंची, छाती, मिसरूड. आणि सर्वांत शेवटी साहेबाची नजर.

इथे लक्ष द्या. वय पंधरा किंवा त्यावर लिहिले, तर पोरगा साध्या तुरुंगात जाणार. पण दोन पायली धानाची शिक्षा महिना-दोन महिने, फार तर चार. चौदा लिहिले, तर सुधारशाळेत तीन वर्षे, फार तर चार. बारा लिहिले, तर सहा वर्षांपर्यंत. अकरा लिहिले, तर पुरी सात. वय जितके कमी, तितका बंदिवास लांब. आणि दोन दुष्काळांतून वाचलेले पोर आपल्या खऱ्या वयापेक्षा लहान दिसणार की मोठे, हे मी आपणांस सांगायला नको. चौदाचा मुलगा अकराचा दिसतो. म्हणजे ज्या उपासाने त्याला चोरी करायला लावले, त्याच उपासाने त्याची मुदत वाढवायची.

कायदा करणाऱ्यांच्या मनात क्रौर्य होते असे मला म्हणायचे नाही. त्यांचे म्हणणे असे की सुधारशाळा ही शिक्षा नव्हे, शिक्षण आहे. आणि लहान मुलाला शिक्षण जास्त हवे. कायद्याने त्या शाळांवर बंधनेही बरीच घातली होती. रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची सोय हवी, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण नीट हवे, आजाऱ्यांसाठी दवाखाना हवा, धंदा शिकवला पाहिजे. गावातल्या किती मुलांना त्या काळी एवढे मिळत होते? हा प्रश्न फसवा आहे हे मला कळते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. चौदा वर्षांवरच्या मुलाला परवान्यावर एखाद्या भल्या कारखानदाराकडे कामाला ठेवण्याचीही तरतूद होती. या साऱ्याच्या तोलास दुसऱ्या पारड्यात काय होते? फटके. सोळा वर्षांखालच्या मुलाला कैदेऐवजी वेताचे फटके देऊन त्याच दिवशी घरी लावता येई. आईबापांना विचारले असते तर त्यांनी काय निवडले असते? ज्यांच्या घरातली कमावती दोन हातांची भर सहा वर्षांसाठी जात होती त्यांनी बहुधा फटकेच मागितले असते. आपण आज फटक्यांच्या नावाने शहारतो, आणि ते योग्यच आहे. १९५५ साली कायद्याने ती शिक्षा रद्द झाली.

आपल्या मुलखातल्या मुलांसाठीची सुधारशाळा जबलपूरला होती. जबलपूरला ही परंपरा आणखी जुनी. कर्नल स्लीमनच्या वेळी, १८३० नंतरच्या दशकात, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी तिथे उद्योगशाळा निघाली. तंबू आणि गालिचे विणण्यात तिने एवढे नाव मिळवले की तिथला एक गालिचा व्हिक्टोरिया राणीच्या विंडसरच्या वाड्यात गेला. ठगांच्या त्या मुलांनी स्वतः काहीच केले नव्हते. बापाच्या धंद्यापासून त्यांना तोडायचे एवढाच हेतू. हीच कल्पना पुढे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या बाबतीत कायद्यात आली. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून काढून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची सरकारला मुभा मिळाली. तिथे गुन्ह्याचा रकाना कोराच. वय आणि जात हे दोन रकाने पुरेसे. तो कायदा जायला १९५२ साल उजाडावे लागले.

तुरुंगाच्या दप्तरात असते तरी काय? १८९४ च्या तुरुंग कायद्याने अधीक्षकाने कोणत्या वह्या ठेवायच्या हे सांगून ठेवले आहे. दाखल झालेल्यांची वही, कोण केव्हा सुटणार याची वही, शिक्षांची वही, पाहुण्यांच्या शेऱ्यांची वही, कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची वही. दाखल करताना डॉक्टरने प्रकृती, अंगावरच्या जखमा आणि खुणा टिपायच्या. मोठ्या आणि सुधारशाळेच्या दोन्ही दप्तरांचा तोंडवळा यामुळे सारखाच. या वह्या वाचायला बसले तर पहिल्या तासात कंटाळा येतो आणि दुसऱ्या तासात झोप. पण नेटाने वाचत राहावे. व्रण कुठे आहे, गोंदण काय आहे, वजन किती भरले, पोराच्या अंगावर काय सापडले. इतिहास लिहिणाऱ्याला खेड्यातल्या गरिबाच्या शरीराचे वर्णन दुसरीकडे कुठेही मिळत नाही. राजेरजवाड्यांची चित्रे आहेत. आपल्या पणजोबांच्या डाव्या भुवईवरचा व्रण जर कुठे लिहिलेला सापडलाच, तर तो तुरुंगाच्या वहीतच सापडेल. ज्या घराण्यात कोणी तुरुंगात गेले नाही त्या घराण्याला ही सोय नाही!

पाहुण्यांच्या वहीचे मात्र मला कधी फारसे कौतुक वाटले नाही. पाहुणा येतो, मुले स्वच्छ आणि आनंदी दिसली असे लिहितो आणि जातो. पाहुणा येणार म्हणून मुलांना स्वच्छ केलेले असते.

दप्तराची ही विद्या अमेरिकेत फार पुढे गेली. न्यूयॉर्क संस्थानात एल्मायरा या गावी १८७६ साली, म्हणजे आपल्याकडे सुधारशाळांचा पहिला कायदा झाला त्याच वर्षी, सोळा ते तीस वर्षांच्या पहिलटकर गुन्हेगारांसाठी सुधारतुरुंग उघडला. त्याचा अधीक्षक झेब्युलन ब्रॉकवे. मुदत ठरलेली नाही; वागणूक, काम, अभ्यास यांचे गुण मिळवायचे, खालच्या श्रेणीतून वरच्या श्रेणीत चढायचे आणि सुटायचे. प्रत्येक कैद्यासाठी ब्रॉकवे चरित्राचे एक पानच ठेवी. आईबाप दारू पीत होते काय, घर कधी सोडले, शाळा किती झाली. आणि शेवटी नैतिक संस्कार उमटण्याची पात्रता किती, असाही रकाना. ती चरित्रे अजून जपलेली आहेत. १८९३-९४ साली याच ब्रॉकवेवर कैद्यांना निर्दयपणे मारहाण केल्याचे आरोप होऊन चौकशी झाली, हेही त्याच इतिहासाचा भाग. त्या नैतिक पात्रतेच्या रकान्यासमोर वर्तमानपत्रांतले चौकशीचे वृत्तांत ठेवून वाचावेत.

एल्मायरा पाहून सर इव्हेलिन रगल्स-ब्राइझ इंग्लंडला परतले आणि केंट परगण्यातल्या बोर्स्टल नावाच्या खेड्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी, त्यांनी तरुणांसाठी वेगळा तुरुंग काढला. १९०८ मध्ये त्याला कायद्याचे रूप आले. खेड्याचे नाव पद्धतीला पडले, आणि तेच नाव सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या १९१९-२० च्या तुरुंग समितीच्या शिफारशीमागून आपल्याकडे आले. मद्रासने १९२५ मध्ये, पंजाबने १९२६ मध्ये, बंगालने व मध्यप्रांताने १९२८ मध्ये, मुंबईने १९२९ मध्ये कायदे केले. मुंबई इलाख्याची बोर्स्टल शाळा धारवाडला, आपली नरसिंहपूरला. सोळा ते एकवीस या वयासाठी. म्हणजे पंधराच्या रेषेपुढे आता एकविसाची दुसरी रेषा आली, आणि चौकशी पुन्हा तीच: वय काय?

राजकीय चळवळीतल्या तरुणांनी या रकान्याची जी गंमत केली आणि या रकान्याने त्यांची जी केली, ती थोडी सांगतो. १९२१ च्या असहकारात काशीला एक मुलगा पकडला गेला. नाव विचारले, तर म्हणाला आझाद, बापाचे नाव स्वातंत्र्य, घर तुरुंग. चंद्रशेखर आझादांची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला पंधरा फटके बसले हेही ऐकतो. पण पंधराच का, हे सहसा कोणी विचारत नाही. तेव्हाच्या फौजदारी कार्यपद्धतीत मोठ्या माणसाला तीसपर्यंत फटके देता येत, आणि सोळा वर्षांखालच्याला पंधराच्या वर नाही. नाव, बाप, घर हे तिन्ही रकाने त्या मुलाने खोटे भरवले, म्हणजे त्याच्या दृष्टीने खरे भरवले. चौथा रकाना त्याला विचारून भरायचा नव्हता. जुलै १९०६ चा जन्म, वय पंधरा. फटक्यांच्या आकड्यावरून दिसते की लहान म्हणूनच त्याचा न्याय झाला, आणि लहानाला देता येईल ती पराकाष्ठेची शिक्षा दिली गेली.

लाहोरची बोर्स्टल इमारत आपल्याला दुसऱ्याच कारणाने आठवते. १३ सप्टेंबर १९२९ रोजी, ६३ दिवसांच्या उपोषणानंतर, जतीन दास तिथे वारले. ते चोवीस वर्षांचे होते. बोर्स्टलच्या वयात बसत नव्हते. कच्च्या कैद्यांना ठेवायला जागा हवी म्हणून तिथे ठेवलेले. इमारतीवरच्या पाटीवरून आत कोण आहे हे ठरवू नये.

आणि अगदी घराजवळचे. ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसरला गोळीबार झाला, चिमूर-आष्टी पेटली, नागपूर पेटले. नागपूरच्या उठावात शंकर महाले नावाचा तरुण पकडला गेला, आणि जानेवारी १९४३ मध्ये नागपूरच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. अठराच्या आसपासचे वय. सोळा ते एकवीस वयाच्या मुलाला घडवता येते, असे मध्यप्रांताच्या कायद्याने १९२८ सालीच मान्य केले होते. नरसिंहपूरचा दरवाजा त्याच्यासाठी उघडला नाही.

हे सगळे जुने झाले असे आपणांस वाटेल. धारवाड १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले, महाराष्ट्राने पुढे नाशिकला किशोर सुधारालय चालवले, १९८६, २००० आणि २०१५ असे बालन्यायाचे तीन कायदे झाले. १९८६ मध्ये मुलग्यासाठी सोळाची रेषा होती, २००० मध्ये ती अठराची झाली, आणि २०१५ मध्ये घोर गुन्ह्यांपुरती सोळा ते अठरा या पोरांची पुन्हा वेगळी पारख सुरू झाली. वय ठरवायची रीत आता कायद्यात क्रमाने दिली आहे: शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत दोन वर्षे अलीकडे-पलीकडे होऊ शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केलेले आहे. राहिला शाळेचा दाखला. आपल्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला नाही तर १ जुलैला येतो? गुरुजींनी पोराला उभे केले, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का पाहिले, आणि तारीख टाकली. निवृत्तीच्या दिवशी कचेऱ्यांतून हार कमी पडतात ते त्यामुळे! त्या गुरुजींच्या मनात कधी आले नसेल की या तारखेवर एखादा मुलगा सुधारगृहात जाईल की तुरुंगात, हे ठरेल. तो दाखला मात्र न्यायालयात आज सर्वांत वरचा पुरावा.

माझी वेळ संपत आली, पण तो धान चोरणारा मुलगा आपण न्यायाधीशापुढे उभा करून ठेवला आहे. त्याला घरी पोचवले पाहिजे. बारा वर्षे असे लिहिले गेले, असे धरू. १९०० साली त्याला जबलपूरला नेताना शिपायाला गोंदिया, बिलासपूर, कटनी असा मोठा वळसा घालावा लागला असता. सहा वर्षांनी तो सुटला तेव्हा सातपुड्यातून बालाघाटमार्गे गोंदियापर्यंत छोटी गाडी सुरू झालेली होती. म्हणजे तो ज्या वाटेने गेला त्या वाटेने परत आला नाही. कागदावर तो अठरा वर्षांचा, खरा कदाचित वीस-एकविसाचा. हाताला सुतारकी नाही तर शिवणकाम. गावात सुतार आहे, शिंपीही आहे, आणि त्यांची मुलेही मोठी झाली आहेत. आईबाप आहेत की नाहीत हे आपण ठरवू नये.

तो गावात शिरतो. सुटून आलेल्या माणसाची खबर ठाण्यात देणे हे कोतवालाचे काम. पुढच्या फेरीला कोतवाल पुस्तक काखेत घेऊन निघतो, मोहरीरापुढे बसतो आणि गावच्या जन्म-मृत्यूंबरोबर सांगतो की अमक्याचा मुलगा जबलपूरहून परत आला आहे. मोहरीर विचारतो, कोणता मुलगा? आणि कोतवाल त्याचे नाव सांगतो.